बापाची रजा

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या ज्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव वसतो आणि जिथून आता लोहखनिजाने भरलेले ट्रक खाली उतरत असतात, तिथे मनुष्याच्या वेळेवरील स्वामित्वच पालटत आहे. धानाची बांधी, मोह आणि तेंदू यांवर ज्याची गुजराण होती, त्या बापाचा दिवस कष्टाचा असला (त्या हालअपेष्टांवर पडदा टाकण्याचा माझा हेतू नाही), तरी तो त्याचा स्वतःचा होता. घरात बाळंतपण असले तर बांधीवरचे काम उद्यावर टाकता येई. हजेरीपटावर नाव चढलेल्या मजुराचा उद्या मात्र पाळीच्या अधीन असतो, आणि खाडा पडला की रोजी बुडते.

1961 चा प्रसूतिलाभ कायदा खाणींनाही लागू झाला आणि 2017 च्या दुरुस्तीने मातेची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय होय. परंतु केंद्र सरकारच्या नोकरास मिळणारी 15 दिवसांची पितृत्व रजा खासगी खाणीतील बापास देणारा कायदा झाला नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये तसे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले होते. ते विधेयकच राहिले.

या रजेची आवश्यकता गडचिरोलीइतकी कोणाला कळावी? अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने याच जिल्ह्यातील 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी नवजातांची शुश्रूषा घरीच केली, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अर्भकास ऊब देणे, स्तनपानाकडे लक्ष ठेवणे, धाप लागताच धोका ओळखणे, एवढ्या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर तिथे जीव तरले. परंतु आरोग्यदूत भेट देऊन परतते. रात्र घरच्यांनाच काढावी लागते, आणि अंगात त्राण नसलेल्या बाळंतिणीने पाणी, सरपण, थोरले मूल आणि तान्हे हे सारे एकटीने सांभाळावे, ही अपेक्षा मला निर्दय वाटते.

शिवाय बापपण हे सहवासानेच अंगी येते. प्रारंभीच्या दिवसांत ज्याने मुलाला न्हाऊ घातले, रडण्याचे कारण ओळखले, त्याचा हात पुढेही त्या कामाला सरावतो, आणि आईचा भार केवळ त्या पंधरवड्यापुरता नव्हे, तर पुढेही हलका होतो. नॉर्वेने 1993 मध्ये चार आठवडे केवळ पित्यासाठी राखून ठेवले, त्याने न घेतल्यास ते बुडतील अशा अटीसह; तोवर रजा घेणारे बाप विरळा होते, पुढे ते बहुसंख्य झाले. पुरुषांना मुलांची ओढ नसते, हा समज त्यानंतर तरी टिकू नये.

अर्भकाचे पहिले 28 दिवस सर्वांत जोखमीचे मानले जातात. 15 दिवसांची रजा संपते, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्मे उरलेलेच असतात. म्हणून खाणीतील प्रत्येक बापाला, तो कायम नोकर असो वा ठेकेदाराचा मजूर, पूर्ण 28 दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळाली पाहिजे.