गाडीतली सायकल, अण्णांचा पंचा आणि गाजरगवताची ॲलर्जी



पावसाळा लागला की ओपीडीत एक तक्रार हमखास वाढते. "डॉक्टर, पापण्या सुजतात, मान खाजते, कोपराच्या घडीत कातडी जाड झाली आहे. मलम लावलं की जातं, बंद केलं की परत येतं." अशा रुग्णांना मी गाजरगवताबद्दल बरेच काही सांगतो. पण हाच आजार माझ्याच घरात, माझ्याच गाडीतून आला तेव्हा तो ओळखायला मला पूर्ण एक पावसाळा लागला. ती चूक आज तुम्हाला सांगणार आहे. गाडीत सायकल घालून नेणाऱ्यांना तिचा उपयोग होईल, आणि ज्यांना सायकल माहीतच नाही त्यांनाही होईल.

सायकल गाडीत कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी जालना शहरात राहतो. सकाळी सहालाच एमआयडीसीकडे सळयांचे आणि भंगाराचे ट्रक सुरू होतात. त्यांच्या बाजूने चौदा वर्षांच्या मुलीला सायकल चालवायला लावायचे धाडस माझ्यात नाही. काही जण म्हणतात, समृद्धी महामार्ग आहे की! पण त्या रस्त्यावर मोटारसायकललासुद्धा परवानगी नाही, सायकल तर दूरच. म्हणून आम्ही दर रविवारी दोन सायकली गाडीत घालतो, निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाच्या बाजूला जातो आणि तिथल्या गावरस्त्यांवर तास-दीड तास चालवतो.

गाडी जुनी, सेकंडहँड टाटा इंडिगो मरिना. पुढून साधी मोटार, मागून लांबलचक डिकी. मागची सीट पाडली आणि सायकलींची पुढची चाके काढली की दोन सायकली आडव्या मावतात.

पुढे माझ्या शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील. आता तुम्ही म्हणाल, मागची सीट पाडल्यावर मुलगी कुठे बसते? ती आईबरोबर स्कूटरवर मागून येते. अण्णा सायकल चालवत नाहीत. घनसावंगी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नोकरी केली आणि बरीच वर्षे रोज सायकलनेच शाळा गाठली. आता गुडघे साथ देत नाहीत. तरी रविवारी ते आमच्या आधी तयार होऊन बसतात. आम्ही फिरून येईपर्यंत तलावाच्या कडेला बसायचे आणि आलो की सायकली पुसून द्यायच्या, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. कुणी सांगितले नव्हते.

काळ्या मातीची गोष्ट

आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीतच आहे. ओली असताना टायरला लाडूसारखी चिकटते आणि वाळली की दगड होते. पहिल्याच पावसाळ्यात गाडीच्या आतल्या कापडाचा रंग बदलला. बायको म्हणाली, "ही गाडी आहे की बैलगाडी?"

मग अण्णांनी जबाबदारी घेतली. सायकल गाडीत जाण्याआधी खांद्यावरचा पंचा काढायचा, आधी फ्रेम, मग मडगार्ड, मग चाकाच्या काड्यांत अडकलेले गवत एकेक करून ओढून काढायचे. गाडी खरोखर स्वच्छ राहू लागली. काम झाले की तोच पंचा झटकून खांद्यावर. परतीच्या वाटेत सायकलचे हँडल खडखडू नये म्हणून उजवा हात मागे नेऊन ते धरून बसायचे. आणि घाम आला की त्याच पंच्याने तोंड आणि मान पुसायची.

तुम्हाला बहुधा आत्ताच कळले असेल. मला कळले नाही.

मंगळवारचा आजार

जुलैच्या अखेरीस अण्णांच्या पापण्या सुजल्या. मानेवर लाल चट्टे आले, उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत खाज. मी घामोळे समजलो. मग वाटले, नवीन साबण. साबण बदलला. मग केसांचे तेल बंद केले. स्टिरॉइडचे मलम दिले की तीन-चार दिवसांत बरे वाटायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

माझी दिशाभूल एका गोष्टीने झाली. त्रास नेहमी सोमवारी रात्री किंवा मंगळवारी वाढायचा. म्हणून मी सोमवारी काय खाल्ले, काय लावले, हेच शोधत राहिलो. रविवारकडे माझे लक्षच गेले नाही. शिवाय रानात सायकल मी चालवत होतो, अण्णा नव्हते. मला काहीच होत नव्हते.

सप्टेंबरमध्ये एक शेतकरी तपासायला आले. तोच चेहरा, त्याच सुजलेल्या पापण्या. मी सवयीने विचारले, "गाजरगवत उपटता का?" ते म्हणाले, "नाही साहेब, गडी उपटतेत. मी निस्ता बांधावर उभा राहतो." मग मी विचारले, "घाम कशाने पुसता?" त्यांनी खांद्यावरचा रुमाल पुढे केला. त्या रुमालावर गवताचे बारीक पांढरे कण अडकलेले होते.

मी त्या दिवशी दुपारी घरी गेलो आणि दोरीवर वाळणारा अण्णांचा पंचा पाहिला. नंतर गाडीची डिकी उघडली. कापडाच्या कोपऱ्यात, सीटच्या सांध्यात वाळलेल्या पांढऱ्या फुलांचा चुरा पडलेला होता. पुढच्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट केली. गाजरगवताची चाचणी ठळक पॉझिटिव्ह आली.

हे नेमके काय होते?

गाजरगवत किंवा काँग्रेस गवत ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती. 1950 च्या दशकात ती पुण्यात प्रथम ठळकपणे लक्षात आली. आयात केलेल्या गव्हाबरोबर आली असे मानले जाते. एका झाडाला हजारो बिया येतात. चिखलाबरोबर त्या टायरला चिकटून गावोगाव जातात. म्हणजे दर रविवारी मी ते बी तलावावरून शहरात फुकट घरपोच आणत होतो.

या गवतात पार्थेनिन नावाचे एक रसायन असते. पानांवरची बारीक लव, फुले, परागकण यांतून ते त्वचेला लागते. पहिल्या संपर्कात बहुतेकांना काही होत नाही. पण वारंवार संपर्क आला की काही जणांच्या शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. त्यानंतर थोडासा संपर्कही पुरतो. म्हणूनच "इतकी वर्षे काही झालं नाही, आताच कसं?" या प्रश्नाचे उत्तर असे, की इतकी वर्षे संपर्क आला, म्हणूनच आता झाले.

ही ॲलर्जी उशिराने दिसणारी असते. शेंगदाणा खाल्ल्यावर काही जणांचे ओठ काही मिनिटांत सुजतात, तसे इथे होत नाही. त्वचेवर चट्टा उठायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. रविवारचा संपर्क मंगळवारी दिसतो, तो यामुळे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की वाळलेले गवतही त्रास देते. झाड मेले म्हणून त्यातले रसायन जात नाही. गाडीत पडलेला चुरा पायाखाली बारीक होतो, एसीच्या वाऱ्याने उडतो आणि बंद काचांत फिरत राहतो. काही जणांना याच परागकणांमुळे शिंका, डोळ्यांना खाज आणि दम्याचा त्रासही होतो.

उन्हाचा त्रास की गाजरगवत?

घरी ओळखायची एक सोपी खूण सांगतो. उन्हामुळे येणारे चट्टे जिथे ऊन लागते तिथेच येतात. वरच्या पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग सहसा सुटतो. हवेतून येणाऱ्या ॲलर्जीत नेमक्या याच जागा सापडतात, कारण धूळ सावलीतही पोहोचते. मानेच्या आणि कोपराच्या घड्या हीसुद्धा तिची आवडती ठिकाणे. ही फक्त खूण आहे, निदान नव्हे. नायटा, सोरायसिस, साबणाची ॲलर्जी हे सगळे खाजतेच. निदान डॉक्टरांना करू द्या.

आणि एक विनंती. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणून लावू नका. त्यातल्या अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असते. चार दिवस छान वाटते. नायटा असेल तर तो आतून पसरतो, आणि ॲलर्जी असेल तर कारण शोधायचे राहून जाते. मी डॉक्टर असूनही माझ्याकडून तेच झाले. मलमाने बरे वाटत होते, म्हणून मी गाडीची डिकी उघडून पाहिली नाही.

आता आम्ही सायकली कशा नेतो?

1. गाडीबाहेरच धुतो, कोरडे झटकत नाही. पाच लिटरचे दोन कॅन आणि एक लांब दांड्याचा ब्रश बरोबर असतो. ओल्याने धुतले की चुरा उडत नाही. गवत काढताना हातमोजे, पूर्ण बाह्या.

2. खाली धुता येईल अशी ताडपत्री, वर जुनी चादर. चाकांना उशीचे जुने अभ्रे. घरी आल्यावर चादर आणि अभ्रे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुतो. सुरुवातीला मी बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या वापरल्या होत्या. आपल्या जालन्यात त्यांना काय तोटा! पण बियाण्याला औषधाचे लेपन केलेले असते. बियाण्याच्या, खताच्या किंवा फवारणीच्या पिशव्या गाडीत, घरात वापरू नका.

3. चेनची बाजू वर, सायकल पट्ट्याने बांधलेली. हाताने धरायची नाही. साधे गणित पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगातली गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली, तर 15 किलोची मोकळी सायकल क्षणभर सुमारे अडीचशे किलोच्या जोराने पुढच्या माणसावर येते. अण्णा नेमके त्या वाटेत बसत होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

4. महिन्यातून एकदा चारही दारे उघडून व्हॅक्यूम. त्या वेळी ॲलर्जी असलेला माणूस लांब. वास घालवायला परफ्यूम किंवा स्प्रे नको. दमेकऱ्याला त्याने आणखी त्रास होतो.

5. चेन धुवायचे रॉकेल किंवा पेट्रोल कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मूल पाणी समजून पिते. चुकून प्यायलेच तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या.

6. घरी येताच अंघोळ आणि कपडे बदलणे. साबण-पाण्याने हलक्या हाताने, घासून नाही. खरचटले असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली धुवा आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

दम लागणे, छातीत घरघर, तोंडावर झपाट्याने वाढणारी सूज, अंगभर चट्टे किंवा चट्ट्यांतून पू, यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका.

अण्णांचे काय झाले?

पॅच टेस्टनंतर मी डॉक्टरी बाण्यात सांगून टाकले, "अण्णा, उद्यापासून तुम्ही तलावावर यायचं नाही आणि सायकलीला हात लावायचा नाही." ते काही बोलले नाहीत. पुढचे तीन रविवार ते घरी राहिले. चट्टे कमी झाले. पण चौथ्या रविवारी पहाटे ते बाहेर खुर्चीत कपडे करून बसलेले दिसले. मी विचारले, "कुठे निघालात?" ते म्हणाले, "कुठंच नाही. सवय आहे, जाग येते."

रुग्णाला "हे बंद करा" सांगताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतो आहोत, हे मी फार क्वचित विचारतो. त्या दिवशी विचार केला. तलावाकाठी गवत नसलेली, डांबरी रस्त्याजवळची एक जागा आम्ही शोधली. अण्णा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतात. पंचा घरी ठेवतात, खिशात धुतलेला रुमाल असतो. गवत मी काढतो, ब्रश मी मारतो, आणि अण्णा वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून कॅनने पाण्याची धार धरतात. "इकडं राहिलं," "मडगार्डच्या आत बघ," हे चालूच असते. शाळेत फळा पुसणाऱ्या पोराला सांगावे तसे.

त्रास पूर्ण गेला का? नाही. या ॲलर्जीची ओळख शरीर सहसा विसरत नाही. श्रावण-भाद्रपदात अजूनही एखाद-दुसऱ्या वेळी पापण्या सुजतात, त्वचारोगतज्ज्ञांची औषधे घ्यावी लागतात. पण मागच्या पावसाळ्यात सलग दीड महिना जी झोपमोड होती, ती राहिली नाही.

तुमच्या घरी कुणाला असा परत परत येणारा त्रास असेल, तर डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी लिहून न्या: त्रास कोणत्या वारी वाढतो, आणि त्याच्या आधीचे तीन दिवस तो माणूस कुठे होता. आणि हो, घाम कशाने पुसतो, तेही.

काळजी घ्या.