अंतर मान्य करणारा सर्व्हर

जावाच्या आरएमआयमध्ये (रिमोट मेथड इन्व्होकेशन) दूरच्या ऑब्जेक्टसाठी सर्व्हर लिहायला थोड्याच ओळी पुरतात. ‘रिमोट’चा वारसा सांगणारा इंटरफेस, त्यातली कामं प्रत्यक्ष करणारा क्लास आणि त्या ऑब्जेक्टला रजिस्ट्रीत नाव देणारी ‘रीबाइंड’ची ओळ. एमसीएला असताना मी तो पहिल्यांदा लिहिला. तेव्हा आरएमआयसी हे साधन चालवून स्टब वेगळा तयार करावा लागे. १०९९ क्रमांकाच्या पोर्टवर रजिस्ट्री चालू ठेवायची आणि शेजारच्या संगणकावरून बेरीज मागवायची. क्लायंटच्या हाती मूळ ऑब्जेक्ट येतच नाही. येतो तो स्टब, त्याचा मुखत्यार. तो आकडे बाइट्समध्ये बांधून पाठवतो, उत्तर आणून देतो. दुसऱ्या यंत्रातून आपल्या हाकेला ओ आली, याचा आनंद मला अजून आठवतो.

इंटरफेसमधल्या प्रत्येक मेथडला ‘थ्रोज रिमोटएक्सेप्शन’ (हाक वाटेत फसू शकते, ही कबुली) जोडावंच लागतं. त्याचं मोल नोकरीत कळलं. शाखांमधून पैसे जमा करण्याच्या विनंत्या मुख्य सर्व्हरकडे येत आणि पावसाळ्यात लाइन तुटे. विनंती गेली, उत्तर नाही. पैसे जमा झाले का? विनंतीच वाटेत हरवली असेल, किंवा काम होऊन उत्तर हरवलं असेल. क्लायंटला दोन्ही सारखंच दिसतं. पुन्हा पाठवावी तर दुप्पट जमा होण्याची भीती, न पाठवावी तर खातेदाराचे पैसे अधांतरी. शेवटी प्रत्येक विनंतीला क्लायंटनंच क्रमांक द्यायचा, तो आधी येऊन गेला असेल तर सर्व्हरनं जुनंच उत्तर परत करायचं, असं ठरलं. क्रमांकाची आणि जमेची नोंद मात्र एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवी. त्याशिवाय सगळं व्यर्थ.

जावा बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वॉल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वोलरॅथ आणि सॅम केंडॉल यांनी १९९४ सालीच बजावलं होतं की जवळचं आणि दूरचं ऑब्जेक्ट एकसारखं भासवू नये. वोलरॅथ आरएमआयच्या रचनाकारांपैकी एक. एक्सेप्शनची ती सक्ती मला या प्रामाणिकपणाचीच खूण वाटते.

जावा ५ पासून स्टब आपोआप बनू लागले. २०१८ मध्ये जावा ११ मधून कोर्बा हे दूरच्या ऑब्जेक्टांचं जुनं तंत्र गेलं, पुढे आरएमआयसीही गेलं. आता मी शिकवतो आणि माझे विद्यार्थी दूरच्या हाकेसाठी जीआरपीसी वापरतात. त्यातही डेडलाइन उलटली, तरी पलीकडे काम झालं की नाही हे कळत नाहीच. म्हणून असा सर्व्हर लिहाल तेव्हा बेरीज बरोबर आली एवढ्यावर थांबू नका. विनंती वाटेत असताना केबल काढा आणि तुमचा क्लायंट काय करतो ते पाहा.