निरोगी माणसं आणली कुठून?

अमुक जनुकाचा तमुक आजाराशी संबंध सापडला, असा शोधनिबंध हाती आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही. तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं कुठून आणली, ते शोधते. ही सवय मला मधुमेहावरच्या एका कामाने लावली. आमचे रुग्ण एका रुग्णालयाच्या ओपीडीतले, बहुतेक आसपासच्याच तालुक्यांतले. निरोगी नमुने मात्र दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्याच्या आरोग्य तपासणीतून मिळालेले. तिथले कामगार चार राज्यांतून आलेले. एक जनुकीय बदल रुग्णांमध्ये ठळकपणे जास्त दिसला आणि आम्ही हरखलो. मग मी मधुमेहाशी सुतराम संबंध नसलेले बदल तपासले. त्यांच्यातही तसेच फरक, आणि भरपूर.

असं का होतं, ते साध्या गणितात कळतं. समजा, एका गावात शंभरातल्या ८० जणांकडे एक बदल आहे, दुसऱ्या गावात २० जणांकडे. आपण १०० रुग्ण घेतले, त्यांत पहिल्या गावचे ८० आणि दुसऱ्याचे २०; निरोगी १०० जणांत नेमकं उलट. रुग्णांमध्ये तो बदल ६८ जणांकडे भरेल, निरोगी लोकांत ३२ जणांकडे. दोन्ही गावांत त्या बदलाचा आजाराशी काडीचाही संबंध नसला, तरीही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, गिला नदीकाठी पिमा लोक राहतात. टाइप २ मधुमेहाचं प्रमाण त्यांच्यात जगात सर्वाधिक असलेल्या समाजांइतकं आहे. विल्यम नोलर आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली तिथल्या ४,९२० जणांची माहिती मांडली. प्रतिपिंडांशी निगडित जनुकीय खुणांचा एक संच ज्यांच्याकडे होता, त्यांच्यात मधुमेह ८ टक्के. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यात २९ टक्के. एवढ्यावर थांबले असते, तर मधुमेहापासून वाचवणारं जनुक सापडलं म्हणून मोकळे झाले असते. पण त्यांनी प्रत्येकाचे किती पूर्वज मूळनिवासी, तेही नोंदवलं होतं. तो संच युरोपीय पूर्वजांकडून आलेला होता, आणि सारख्या वंशावळीच्या लोकांची आपसात तुलना केल्यावर फरक विरून गेला. माझ्या मते आमच्या विषयातला हा सर्वांत प्रामाणिक निबंध आहे. विद्यार्थ्यांना मी पहिला तोच देते.

आपल्याकडे ही अडचण कैक पटींनी मोठी. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या अभ्यासानुसार साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतात लोक मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. पुढे ते थांबलं. लग्नं जातीतच होऊ लागली. त्याचा ठसा रक्तात आहे. दक्षिण आशियातल्या २६०हून अधिक समाजांच्या २०१७च्या अभ्यासात ८१ समाज असे निघाले, की मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद होती. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण भूलतज्ज्ञांना ठाऊक असतं: एका विकराच्या कमतरतेमुळे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल काहींमध्ये लवकर उतरत नाही. तेव्हा 'भारतीय रुग्ण' विरुद्ध 'भारतीय निरोगी' अशा दोन रकान्यांना माझ्या लेखी काही अर्थ नाही.

उपाय आहेत. लाखो खुणांवरून माणसांची आपसातली जवळीक काढून ती हिशेबात धरायची, ही रीत २००६नंतर सर्रास रुळली. पण एखाद्या लहान समाजाचे पाच-दहाच नमुने असतील, तर संगणकाला तो वेगळा दिसतच नाही. आई-वडिलांच्या दोन प्रतींपैकी आजारी मुलाकडे कोणती गेली, एवढंच पाहणारी १९९३ची चाचणी मला फार आवडते. न गेलेली प्रतच तिथे तुलनेला उभी राहते. मात्र साठीच्या मधुमेही माणसाचे आई-वडील आणायचे कुठून?

आम्ही शेवटी ओपीडीच्या बाकावर पाहिलं. रुग्णासोबत नवरा किंवा बायको आलेली असते: बहुधा त्याच जातीतली, त्याच चुलीवरचं जेवणारी, पण रक्ताची नाही. अर्थात आधी विचारावं लागतं, कारण मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. स्त्री-पुरुषांची संख्याही दोन्हीकडे जुळवावी लागते. जात विचारली की लोक आक्रसतात, आणि ते मला समजतं. म्हणून आम्ही दोन्ही आज्यांचं माहेर विचारलं. ते सांगताना बायका खुलत. एकीने तर माहेरच्या गावची विहीरही वर्णन करून सांगितली.

जोडीदारांचे नमुने तपासून झाले, तेव्हा तो ठळक बदल दोन्हीकडे सारखाच निघाला.