उंझ्याची वरियाळी, आबूची सावली

अहमदाबादहून उत्तरेकडे निघालेली गाडी मेहसाणे सोडते आणि सुमारे अर्ध्या तासात उंझा येते. गावात पाहण्यासारखे काय, असे विचारणाऱ्या यात्रेकरूला लोक कडवा पाटीदारांच्या कुलदेवतेचे, उमिया मातेचे मंदिर दाखवतात. विचारणारा व्यापारी असेल, तर त्याला आधी मार्केट यार्डाची वाट दाखवली जाते. १९५४ साली स्थापन झालेल्या या बाजार समितीचे नाव जिरे, इसबगोल आणि वरियाळी या तीन जिनसांसाठी देशभर घेतले जाते. वरियाळी म्हणजे मराठी घरांतली बडीशेप.

होळीच्या आगेमागे यार्डात नव्या मालाची आवक वाढू लागते. सकाळी ट्रॅक्टर आणि टेम्पो रिकामे होतात, फरशीवर ढीग पडतात, आणि साऱ्या आवारावर असा गोड वास तरळतो की जेवण होऊन मुखवास घेतल्याचा भास व्हावा. लिलाव उघड्यावर चालतो. अडत्या, खरेदीदार आणि शेतकरी यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकतो. भाव बोलला जातो तो वीस किलोच्या मणावर. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर पसरतो, फुंकर मारून काडी-कचरा उडवतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि आकडा बोलतो. साऱ्या पाहणीला अर्धा मिनिटही लागत नाही. शेतकऱ्याची सात-आठ महिन्यांची मेहनत त्या अर्ध्या मिनिटात मोजली जाते.

या मोजणीत पहिला मान रंगाचा. एकाच गावचा, एकाच बियाण्याचा माल. पण हिरवा ढीग एका भावाने जातो आणि पिवळट ढीग दुसऱ्या, बऱ्याच खालच्या भावाने. पिवळा माल वाईट नव्हे. तो मसाल्याच्या गिरणीत जातो, अर्क काढण्यासाठी जातो, दळला की त्याचा रंग कोणी पाहत नाही. हिरवा माल तबकात आणि बरणीत दिसतो, म्हणून त्याला जास्त पैसे मिळतात. येथून गोणी भरून निघालेला माल वाशीच्या मसाला बाजारात, म्हणजे पूर्वी मशीद बंदरला असलेल्या त्याच पेढ्यांवर पोहोचतो, आणि तेथून सोलापूर, सांगली, नगरच्या दुकानांत.

हिरवेपणा बियाण्यात थोडा असतो. खरा तो ठरतो खुडणीत आणि वाळवणीत. बडीशेपेचे झाड पुरुषभर उंच वाढते, पाने कापसाच्या धाग्यांसारखी बारीक, आणि टोकाला पिवळ्या फुलांच्या छत्र्या. या छत्र्या एका वेळी पिकत नाहीत. मुख्य दांड्यावरची आधी, मग फांद्यांवरच्या, मग उपफांद्यांवरच्या. म्हणून सारे शेत एकदम कापणारा शेतकरी अर्धा माल कच्चा आणि अर्धा जास्त पिकलेला घेऊन येतो. ज्याला हिरवा दाणा हवा, तो दाणा पूर्ण भरलेला पण अजून पिवळा न पडलेला पाहून छत्री-छत्री खुडतो आणि त्याच शेतात चार-पाच वेळा फिरतो. लखनवी म्हणून विकली जाणारी बारीक गोड बडीशेप तर याहूनही कोवळेपणी खुडलेली असते.

पुढचा भाग पाहण्यासाठी त्याच लोहमार्गाने आणखी उत्तरेला जावे लागते. पालनपूर मागे पडते, गाडी राजस्थानात शिरते आणि सिरोही जिल्ह्यातले आबू रोड स्थानक येते. देलवाड्याच्या मंदिरांसाठी येथे न उतरलेले जैन कुटुंब विरळाच. स्थानकावरची रबडी सर्वांना आठवते, डोंगराचा घाट आठवतो. पायथ्याची शेते मात्र मोटारीच्या काचेतून निसटून जातात. ही शेते बडीशेपेची आहेत. येथील चांगले शेतकरी खुडलेल्या छत्र्या उन्हात पसरत नाहीत. छपराखाली दोऱ्या ताणून त्यांवर त्या उलट्या टांगतात आणि वाऱ्यावर वाळू देतात. उन्हात जे काम थोड्या दिवसांत उरकते, त्याला सावलीत अधिक दिवस लागतात. जागा लागते, मजुरी लागते, वळवाची सर आली तर बुरशीची भीती असते, आणि तेवढे दिवस पैसा अडकून राहतो. शिवाय कोवळा दाणा वजनालाही कमी भरतो. म्हणजे आबूचा हिरवा माल महाग असतो तो कोणा दलालाच्या लहरीने नव्हे. त्या रंगामागे खर्ची पडलेले दिवस असतात. व्याजाचा हिशेब करणाऱ्या कोणाही माणसाला हे सहज पटावे.

पण जेथे रंगाला पैसा मिळतो, तेथे रंग विकणाराही उभा राहतो. उन्हात पिवळ्या पडलेल्या मालावर हिरवा रंग चढवण्याचे प्रकार अन्न प्रशासनाच्या तपासण्यांत सापडले आहेत. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की बडीशेपेचा हलका, टाकाऊ माल गुळाच्या पाण्यात आणि भुकटीत घोळवून ‘जिरे’ म्हणून खपवणारे कारखाने उंझ्याच्या परिसरातच पकडले गेले. सॉर्टेक्स यंत्रे लावून खडा-काडी वेचणारे, सचोटीने पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणारे व्यापारी त्याच गावात आहेत, आणि या बातम्यांचा सर्वाधिक तोटा त्यांनाच होतो. दोष फक्त कारखानदाराचाही म्हणता येत नाही. पोपटी झगझगीत दाणा पाहिल्याशिवाय बरणी न भरणारे गिऱ्हाईकही त्या रंगाचा भाव वाढवत असते. खरी हिरवी बडीशेप थोडी मळकट हिरवी असते आणि तिच्यात पिवळसर दाणे मिसळलेले असतात. ओल्या पांढऱ्या फडक्यावर चिमूटभर चोळावी. फडके हिरवे झाले तर ती घरात आणू नये. वास हा रंगाहून अधिक भरवशाचा. तळहातावर चोळल्यावर जो दाणा बोलत नाही, तो कितीही हिरवा असो, विकत घेण्याच्या लायकीचा नसतो.

हा फरक एकदा हातात बसावा असे वाटत असेल, तर गच्चीवर चार झाडे लावणे हा चांगला मार्ग आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य हा पेरणीचा काळ. मुळे खोल जातात, म्हणून कुंडी निदान दीड फूट खोल हवी आणि एका कुंडीत दोनच झाडे ठेवावीत. मुखवासाच्या डब्यातली बारीक हिरवी बडीशेप पेरून सहसा काही उगवत नाही. ती कोवळीच खुडलेली असते, अंकुर धरण्याइतकी पिकलेली नसते. बियाण्याच्या दुकानातून पिकलेले, भरदार दाणे आणावेत, रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरावेत. दहा ते पंधरा दिवसांत रोपे दिसतात. कुंडीला पूर्ण ऊन हवे, पण पाणी साचता कामा नये. फुलोऱ्याच्या वेळी मावा येतो. उशिरा पेरलेल्या आणि खताने माजलेल्या झाडांवर तो अधिक येतो. ज्या घरांना फवारणी नकोशी वाटते, त्यांनी वेळेवर पेरावे आणि शेणखतावर भागवावे. फुले आली की मधमाश्या आपोआप येतात; परागीभवन त्यांच्याच भरवशावर होते. मार्चच्या सुमारास दाणे भरले की देठासह छत्र्या कापून, दोऱ्याला उलट्या बांधून वाऱ्याच्या सावलीत टांगाव्यात आणि खाली कागद पसरावा. चार झाडांतून वर्षाचा मुखवास निघेल अशी आशा धरू नये. निघतात ते थोडे दाणे, पण त्यानंतर दुकानातली बडीशेप हातात घेताच तिचे वय कळू लागते.

शहरांतल्या मोठ्या भाजी दुकानांत हल्ली बडीशेपेचा पांढरा गड्डाही दिसतो. तो इटलीकडचा वेगळा वाण आहे. तो जमिनीखालचा कंद नव्हे. पानांचे देठ जमिनीलगत फुगून एकमेकांवर बसलेले असतात. तो घ्यावा की न घ्यावा, हे ज्या त्या घराने आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे.

स्वयंपाकात बडीशेपेला आपल्याकडे न्याय मिळत नाही. लोणच्याच्या मसाल्यात, कचोरीच्या सारणात, मेथीच्या गोट्यांत ती असते. जेवणानंतर तर असतेच, आणि पच्चक्खाणाच्या भाषेत सुंठ-लवंगेसह स्वादिमात मोजली जाते. पण कांदा-लसूण नसलेल्या रश्श्याला अंग देण्याचे जे काम ती करते, ते पाहायचे तर काश्मिरी पंडितांच्या चुलीकडे पाहावे. त्यांच्या परंपरागत स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. हिंग, सुंठ आणि बडीशेपेची पूड यांवर साऱ्या रश्श्याची इमारत उभी असते. त्यांची दूधी भोपळ्याची यखनी जैन घराला फारसा बदल न करता पेलते. दुधीचे जाड काप तुपात परतून बाजूला ठेवावेत. ताजे दही घुसळून, त्यात चमचाभर तांदळाची पिठी मिसळून मंद आचेवर उकळी येईपर्यंत हलवत राहावे. दही फाटू नये म्हणून काही जण बेसन लावतात, पण कच्च्या दह्यात बेसन म्हणजे विदळ. पिठीने तेच काम होते. मग हिंग, लवंग, मोठी वेलची, अर्धा चमचा सुंठ आणि दोन चमचे बडीशेपेची पूड घालून काप त्यात सोडावेत व शिजू द्यावेत. पूड त्याच वेळी कुटलेली हवी. महिन्याभरापूर्वीच्या पुडीतला सुगंध निम्मा उडालेला असतो. रश्शाचा रंग फिका पांढरा येतो, आणि तो गरम भातावर वाढतात.