गोवंडीचा पत्रा

लातूरच्या आमच्या घरावर १९९३च्या भूकंपानंतर टाकलेले पत्रे आहेत. रंग गेला, पण गळत नाहीत. धाकट्या भावानं गोवंडीत चार पावसाळ्यांत दोनदा पत्रे बदलले. अब्बांना वाटायचं, पोरगा पैसे उडवतो.

मी नांदेडला उर्दू आणि मराठी शिकवतो. मराठीतला गंज उर्दूत जंग होतो. उर्दूत गंज म्हणजे खजिना. मुलं हसतात.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्यावर घट्ट थर धरतो, तोच लोखंडाला जपतो. गोवंडीला खाडीवरून मीठ येतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं. पाऊस नसतानाही पत्रा ओला. त्यात इंधनाच्या धुरातला गंधक. त्याचं आम्ल जस्त खातं, उरलेलं पावसात वाहून जातं. वळचणीखालची बाजू तर पाऊसही धूत नाही, मीठ साचतच राहतं. गोड्या पाण्यानं धुवा म्हणतात. जिथं प्यायच्या पाण्याला रांग, तिथं पत्रा कोण धुणार?

हे सगळं अब्बांना फोनवर सांगितलं. त्यांनी रंगासाठी पैसे पाठवले. हल्ली ते भावाला पत्र्याचं विचारत नाहीत, खोकल्याचं विचारतात.