४,००० हर्ट्झच्या पुढे

आलमबागेतल्या आमच्या खोलीखाली दिवसभर ई-रिक्षावाल्यांचा "चारबाग, चारबाग!" असा पुकारा चालतो. म्हणून लेकाने रात्री ११ वाजता हेडफोन माझ्या कानांवर चढवले. "बाबा, आता तुमची कॅसेट विसराल."

ती कॅसेट म्हणजे क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स', १९८१ चा, १७ गाण्यांचा. आमच्या तोफखान्यातल्या शिलाँगच्या रेडिओ ऑपरेटरने मला दिलेली. कॉपीची कॉपी, निम्मी खरखर. मी वाईचा. हा गाणारा तुझ्या पाचगणीत शिकलाय, हेही त्यानेच सांगितलं. मला थाप वाटली, पण खरं होतं. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बुलसारा, सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. त्याचा पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथलाच. पसरणीचा घाट चढलं की आलंच ते!

लेकाची फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, काहीही न गाळलेली. सीडी असते १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' सुरू झालं. कॅसेटवर जो आवाजांचा एकच गोळा होता, तो सुटा झाला. तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा टेपवर चढवून तो सगळा जमाव उभा केलाय, हे पहिल्यांदा कळलं.

"आणि झांजा?" लेकाने विचारलं.

झांजा कुठे होत्या?

त्याने सीडीची प्रत लावली. मला फरक कळेना. मग त्याचे डोळे मिटवून मी दोन्ही आलटून पालटून लावल्या, तर त्यालाही कळेना. तो हिरमुसला. पण त्यात नवल नाही. तरुण कानाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि तेवढं सीडीत मावतं.

माझी गोष्ट वेगळी. वैद्यकीय तपासणीत माझ्या कानांचा आलेख ४,००० हर्ट्झपाशी दरीत उतरतो. १०५ मिलिमीटरच्या तोफेशेजारी कापसाचे बोळे घालून उभं राहण्यात आम्हाला मर्दुमकी वाटायची. इतकी वर्षं झांजा कॅसेटने खाल्ल्या असं मी समजत होतो. मी लेकाला काही बोललो नाही. पण त्याने हळूच आवाज कमी केला. "आहेत तेवढे जपा, बाबा."

मग 'वुई विल रॉक यू' लागलं. गाणं जवळजवळ शेवटपर्यंत वाद्यांशिवाय चालतं, फक्त पाय आणि टाळ्या. टाळ्या बोथट आल्या. पाय मात्र पूर्ण आले, परेड ग्राउंडवर कंपनी कदमताल करावी तसे.

तोफखान्यातल्या पोरांनो, फायरिंगला इअरप्लग घाला. कान पुन्हा इश्यू होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिलाँगला फोन लावला. म्हटलं, तुझी कॅसेट काल नीट ऐकली.

पलीकडून तो ओरडला, "क्या? ज़ोर से बोल!"