गाभा बदलणारे कुलूप

कुलूप लावणे ही आपल्या रोजच्या आयुष्यातील अगदी सामान्य क्रिया आहे. कुलूप बदलणे मात्र क्वचित घडते. आणि घडते तेव्हा त्यामागे बहुधा कोणाविषयी तरी संशय असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानसा यंत्रकारखाना चालविणाऱ्या एका गृहस्थांना ही गोष्ट वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी उमगली. सारे त्यांना अण्णा म्हणत. पंपांचे पितळी बुश आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग घडविण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. कुलूप त्यांनी कधी घडविले नव्हते, आणि घडविण्याचा विचारही कधी मनात आला नव्हता.

नदीकाठच्या त्यांच्या मूळ गावी एक जुने जिनमंदिर आहे. अण्णा त्याच्या विश्वस्त मंडळाचे कार्यवाह होते. एका आषाढात मंदिराच्या कोठीची दुसरी किल्ली सापडेनाशी झाली. कोठीतील चांदीची भांडी, छत्र, चामरे सारे मोजून पाहिले. एकही वस्तू कमी नव्हती. तरीही रात्री मंडळाची तातडीची बैठक बसली. बैठकीत कोणाचे नाव निघाले नाही. पण ती किल्ली ज्या खिळ्याला टांगलेली असे, तो खिळा उपाध्यांच्या खोलीत होता, हे सर्वांना ठाऊक होते. मंदिराची पाचही कुलपे बदलावीत, असा ठराव झाला. अण्णांनी बाजारातून नवी कुलपे आणली आणि रात्री दहाच्या सुमारास स्वतःच्या हातांनी लावली. उपाध्यांना नवी किल्ली सकाळी देऊ, असे म्हणून ते घरी गेले.

सकाळ होण्याआधीच पहाट झाली. उपाध्ये नेहमीप्रमाणे साडेपाचला, स्नान करून, शुद्ध वस्त्र नेसून, अभिषेकाच्या पाण्याचा कलश घेऊन मंदिराच्या दाराशी आले. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी किल्ली कुलपात घातली. ती फिरली नाही. पाऊस पडत होता. दर्शनाला येणारे श्रावक एकेक करून वळचणीखाली गोळा होत गेले आणि सर्वांच्या देखत ते वृद्ध गृहस्थ हातात न चालणारी किल्ली घेऊन तासभर उभे राहिले.

अण्णा लगबगीने पोहोचले आणि नवी किल्ली पुढे करू लागले, तेव्हा उपाध्ये एवढेच म्हणाले, "अण्णा, कुलूप बदललंत ते बरं केलंत. पण आधी माझ्याकडची किल्ली मागायची होती. मी दिली असती." त्यांनी जुनी किल्ली अण्णांच्या तळहातावर ठेवली आणि ते अभिषेकाला गेले. त्या दिवशीही पूजेत काही उणे राहिले नाही.

अचौर्याचे व्रत आपण चोरी न करण्यापुरते मानतो. शास्त्रात चोरीला 'अदत्तादान' हा शब्द आहे. अदत्त म्हणजे न दिलेले, आणि आदान म्हणजे घेणे. त्या पहाटेनंतर अण्णांच्या मनात हा शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला. कोठीतून काहीही गेले नव्हते. परंतु एका माणसाचे चाळीस वर्षांचे चांगले नाव त्याने न देता त्याच्याकडून घेतले गेले होते, आणि ते घेणाऱ्यांमध्ये कार्यवाह स्वतः होते. क्षमा मागणे हा एक मार्ग होता. ती त्यांनी मागितलीही. "झालं ते झालं," असे म्हणून उपाध्यांनी विषय मिटवला. पण पुन्हा एखादी किल्ली हरवेल तेव्हा काय होईल, हा प्रश्न क्षमेने मिटणारा नव्हता.

किल्ल्या हरवतात, माणसे बदलतात, विश्वस्तांच्या मुदती संपतात. हे सारे घडणारच. म्हणून कुलूप संशय आला म्हणून बदलू नये. ते ठरलेल्या दिवशी, सर्वांसाठी, विनाकारण बदलावे. मग त्या बदलाचे बोट कोणाकडेही वळणार नाही. पण दरवर्षी पाच भक्कम पितळी कुलपे मोडीत काढायची, हे मंदिराच्या खर्चाला परवडणारे नव्हते आणि अपरिग्रहाच्या शिकवणुकीत बसणारेही नव्हते. कुलूप तेच राहावे आणि किल्ली तेवढी बदलावी, अशी काही युक्ती हवी होती.

अशी युक्ती जगात होती. पिनांचे कुलूप तसे फार प्राचीन; इजिप्तमध्ये ते लाकडाचे करीत. त्याला आजचे सुबक धातुरूप अमेरिकेतील लायनस येल धाकटे यांनी दिले आणि 1861 मध्ये त्याचे पेटंट मिळविले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडे खात्रीचे देशी कुलूप घरोघरी पोहोचले. आणि 1920 च्या सुमारास अमेरिकेतील सिएटल शहरात इमारतींची देखभाल पाहणाऱ्या फ्रँक बेस्ट यांनी, ज्याचा गाभा एका खास किल्लीने अख्खा बाहेर काढता येतो, असे कुलूप तयार केले. अनेक दरवाजे आणि अनेक किल्ल्या सांभाळण्याचा ताप ज्याला रोज होतो, त्यालाच असा उपाय सुचावा, यात नवल नाही.

त्या गाभ्याची रचना अण्णांनी मन लावून समजून घेतली. साध्या पिनांच्या कुलपात किल्ली जिच्यात शिरते ती एक गोल बॅरल असते. तिच्यात वरून लहान लहान पिना उतरलेल्या असतात आणि प्रत्येक पिनेचे दोन तुकडे असतात. योग्य किल्लीच्या खाचा सर्व पिनांना अशा उंचीवर उचलतात, की तुकड्यांमधील सारे सांधे बॅरलच्या काठाशी एका रेषेत येतात. मगच बॅरल फिरते. एकही पिन केसभर वर किंवा खाली राहिली, तर ती अडसर होते. बेस्ट यांच्या गाभ्यात बॅरलभोवती आणखी एक पातळ बाही असते आणि त्या बाहीला बाहेरच्या बाजूस एक लहान जीभ असते. त्यामुळे सांध्यांच्या रेषा दोन होतात: एक बाहीच्या आत, दुसरी बाहीच्या बाहेर. रोजची किल्ली सारे सांधे आतल्या रेषेवर आणते. तेव्हा फक्त बॅरल फिरते आणि कुलूप उघडते. दुसरी, नियंत्रणाची किल्ली सांधे बाहेरच्या रेषेवर आणते. तेव्हा बॅरल आणि बाही दोन्ही मिळून जेमतेम पंधरा अंश फिरतात, जीभ आत ओढली जाते आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसणारा तो गाभा सुळकन हातात येतो. त्याच जागी दुसरा गाभा बसविला, की जुनी किल्ली निरुपयोगी. सारे काम मिनिटभराचे.

वाचायला सोपी वाटणारी ही गोष्ट घडवायला मात्र अण्णांना वर्ष लागले. कुलपाचे धड पितळेचे, कडी कडक केलेल्या पोलादाची, आणि कडीच्या दोन्ही खाचांत अडकणाऱ्या दोन पोलादी गोळ्या. एवढे त्यांच्या हाताला अवघड नव्हते. अवघड होती ती बाही. पहिल्या नमुन्यात ती किंचित सैल बसली; रोजची किल्ली फिरविली की तीही थोडी सरके आणि किल्ली आतच अडकून बसे. दुसऱ्या नमुन्यात ती घट्ट झाली आणि पावसाळी हवेत महिनाभर टांगून ठेवल्यावर हलेचना. या गाभ्यात किल्लीच्या खाचेची एक पायरी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडी कमी असते. तिथे अंदाज चालत नाही. पंपाच्या बुशात जी चूक खपून जाते, ती इथे दार अडवते.

मोह झाले नाहीत असे नाही. जस्ताचे ओतीव धड करून त्यावर पितळी मुलामा द्यावा, दिसायला तेच आणि खर्च निम्मा, असे एका पुरवठादाराने सुचविले. सात पिनांच्या जागी चारच भराव्यात, उरलेली भोके रिकामी ठेवावीत, कुलूप उघडून कोण पाहतो, असे दुसरा म्हणाला. अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे: अस्सलच्या नावाने नक्कल देणे. जिच्या निमित्ताने अचौर्याची आठवण झाली, त्या वस्तूतच हा अतिचार शिरू देणे अण्णांना शक्य नव्हते. धड पितळेचेच राहिले आणि पिना सातही भरल्या गेल्या.

मंडळाच्या अध्यक्षांची इच्छा वेगळी होती. पाचही कुलपांना वेगवेगळ्या किल्ल्या असाव्यात, पण आपल्याजवळ सर्व कुलपे उघडणारी एक मास्टर किल्ली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. अण्णांनी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. मास्टर किल्लीसाठी पिनेत एक तुकडा वाढवावा लागतो. मग त्या पिनेला उघडण्याच्या एकाऐवजी दोन उंची मिळतात. सातही पिनांत तसे केले, तर एकाऐवजी 128 तऱ्हेच्या खाचांनी तेच कुलूप उघडू शकते. "दोन किल्ल्या आपण केलेल्या," अण्णा म्हणाले, "आणि बाकीच्या 126 कोणीही न केलेल्या. एका माणसाच्या सोयीसाठी एवढ्या वाटा मोकळ्या ठेवायच्या का, दादा?" अध्यक्ष बराच वेळ कागद पाहत राहिले आणि मग त्यांनी मागणी मागे घेतली.

नियंत्रणाच्या किल्लीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. तिने गाभा निघतो. आणि गाभा निघाल्यावर आतला फिरता भाग साध्या पेचकसानेही वळवून कडी सोडविता येते. म्हणजे सर्वांत समर्थ किल्ली तीच. ती एकाच्या हाती दिली, तर पुढचा संशय त्याच्यावर येणार. शेवटी असे ठरले, की ती कापडी पिशवीत घालून, लाखेने मोहरबंद करून, तिघांच्या सह्यांनिशी तिजोरीत ठेवावी आणि वर्षातून एकदाच सर्वांसमक्ष उघडावी.

तिसरा नमुना घेऊन अण्णा उपाध्यांकडे गेले. हे कुलूप रोज हाताळणारे तेच होते. त्यांचे मत घेतल्याशिवाय ते पूर्ण झाले असे अण्णांना वाटेना. उपाध्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. किल्ली दोन-तीनदा फिरविली. मग म्हणाले, "अण्णा, याच्या तोंडाला झाकण नाही."

"धुळीसाठी म्हणता, काका?"

"धुळीचं काय एवढं. कुंभारीण माशी कुलपाच्या भोकात मातीचं घर करते. आत तिची अंडी असतात. जुन्या कुलपात दर पावसाळ्यात असं व्हायचं. काडी घालून कोरायचं म्हटलं तर जीव जातो, आणि न कोरावं तर देवाचं दार उघडत नाही. मी रोज रात्री त्या भोकावर कापडाची चिंधी बांधत असे."

चाळीस वर्षे बांधलेल्या त्या चिंधीकडे मंडळातील कोणाचेच लक्ष गेले नव्हते. अण्णांचेही नाही. दारे बदलली, रंग बदलले, कुलपे बदलली. त्या कुलपात एकही जीव मरू नये म्हणून रोज रात्री वाकणारा माणूस तेवढा कोणाला दिसला नाही. आणि किल्ली हरवली तेव्हा सर्वांच्या नजरा प्रथम त्याच्याकडे वळल्या. अण्णा काही बोलू शकले नाहीत. आठ दिवसांनी किल्लीच्या तोंडावर आपोआप मिटणारे, स्प्रिंगचे पितळी झाकण बसले. अभिषेकाच्या ओल्या हातांचे पाणी साचू नये म्हणून खाली एक बारीक छिद्र ठेवले गेले, तेही उपाध्यांच्याच सूचनेवरून.

कुलपे लावण्याचा दिवस कोणता, यावर फार चर्चा झाली नाही. दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला पूर्ण होते आणि त्यापाठोपाठ क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी सारा समाज एकत्र जमतो आणि लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. त्याच दिवशी मंदिराच्या किल्ल्या परत घ्याव्यात आणि गाभे बदलून नव्या द्याव्यात, असे ठरले. वर्षभरात कोणाकडून किल्ली हरवली असेल, कोणी तिची नक्कल केली असेल, कोणी ती दुसऱ्याच्या हाती दिली असेल. त्या दिवशी कोणालाही काही विचारायचे नाही. जुनी किल्ली असेल तर द्यायची, नसेल तर 'हरवली' एवढेच सांगायचे, आणि नवी घ्यायची.

पहिल्या वर्षी सभामंडपात चौरंगावर पाच कुलपे मांडली होती. अध्यक्षांनी आपली किल्ली प्रथम ठेवली, मग कोषाध्यक्षांनी, मग अण्णांनी. उपाध्ये रांगेत चौथे होते. त्यांनी किल्ली ठेवली, नोंदवहीत सही केली, नवी किल्ली घेतली आणि मागे वळले. त्यांच्यासाठी वेगळे असे काहीही झाले नाही. तेवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

कुलपाचे धड म्हणजे देह आणि गाभा म्हणजे आत्मा, अशी उपमा त्या दिवशी प्रवचनात कोणीतरी दिली. अण्णांनी ती ऐकून हात जोडले. पण त्यांच्या मनात वेगळेच होते. कुलूप जुने झाले म्हणून टाकायचे नसते. त्यात साचलेले तेवढे काढून पुन्हा बसवायचे असते. संबंधांनाही अशी एखादी नियंत्रणाची किल्ली असते, आणि ती वर्षातून एकदा तरी फिरवावी लागते. नाहीतर बाही गंजून घट्ट होते आणि मग धडच फोडावे लागते.

कोठीची ती दुसरी किल्ली पुढे कधीच सापडली नाही. कोणी ती शोधलीही नाही. ती कुठेही असली, तरी आता कोणतेच दार तिच्याने उघडत नव्हते.